उमेदवारीचे नवे रूप : उन्हाळी सुट्टीतील शासकीय काम व त्यासाठी करावयाचा अर्ज

‘उमेदवार’ हा शब्द आज निवडणुकीच्या संदर्भात अधिक कानी पडतो. परंतु त्याचा जुना संसार कचेरीतला आहे. फारसी ‘उमेद’ म्हणजे आशा, आणि आशेवर बसलेला तो उमेदवार. इंग्रजी अमदानीत मामलेदाराच्या कचेरीत किंवा कलेक्टरच्या दप्तरात कोणी ओळखीचा कारकून धरून विनावेतन नकला उतरविणारा, बेरजा ताडून पाहणारा आणि एखादी जागा रिकामी होण्याची वाट पाहणारा तरुण या नावाने ओळखला जाई. काम शिकावयाचे, पदरमोड करून दिवस काढावयाचे आणि साहेबाची मर्जी संपादन करावयाची, असा हा त्रिविध व्यवहार होता. ‘उमेदवारी करणे’ या वाक्प्रचारात त्याची आठवण अद्याप टिकून आहे.

पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थी आज पुन्हा शासकीय कार्यालयाच्या दाराशी उभा आहे. त्याच्या खटपटीला आता ‘इंटर्नशिप’, ‘कार्यप्रशिक्षण’ किंवा ‘आंतरवासिता’ म्हणतात. जुन्या उमेदवारीशी तिचे साम्य थोडेथोडके नाही; मात्र एक भेद मूलगामी आहे, तो असा की या नव्या उमेदवारीच्या शेवटी नोकरीची उमेद ठेवावयास कायद्याने जागा ठेवलेली नाही. हा भेद ध्यानी न घेता केलेले अर्ज बहुधा चुकीच्या दारी, चुकीच्या वेळी आणि चुकीच्या अपेक्षेने केले जातात.

या विषयाला महाराष्ट्रात अलीकडे निकड आली आहे, तिचे कारण अभ्यासक्रमातच आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० च्या अंमलबजावणीसाठी राज्य शासनाने २०२३ मध्ये जो श्रेयांक-आराखडा ठरवून दिला, त्यात पदव्युत्तर पदवीच्या पहिल्या वर्षी, दुसऱ्या सत्राशी निगडित, कार्यप्रशिक्षण किंवा क्षेत्रप्रकल्प यांसाठी ४ श्रेयांक राखून ठेवले आहेत. अशा कामाच्या एका श्रेयांकास ३० तास या हिशेबाने हे १२० तास होतात. दिवसाचे सहा तास धरले तर वीस कामाचे दिवस. वाणिज्य वा विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यास बँक, पेढी, कारखाना, प्रयोगशाळा अशी स्थळे सहज सुचतात. राज्यशास्त्र, अर्थशास्त्र, इतिहास, लोकप्रशासन, भूगोल या विषयांच्या विद्यार्थ्याला मात्र शासकीय कार्यालय हेच स्वाभाविक स्थळ होय. आणि नेमके तेथेच कोणत्या खिडकीशी उभे राहावे हे त्याला ठाऊक नसते. परिणामी मार्चअखेर धावपळ सुरू होते, आणि एखाद्या स्नेह्याच्या कार्यालयातून हजेरीचा कागद आणून श्रेयांक पदरात पाडून घेण्याचा मोह बळावतो.

प्रथम या कामाचे कायदेशीर स्वरूप पाहणे अगत्याचे आहे. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद १६ अन्वये सार्वजनिक सेवायोजनात सर्व नागरिकांना समान संधी आहे. ‘कर्नाटक राज्य विरुद्ध उमादेवी’ या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २००६ मध्ये असे स्पष्ट केले की, विहित स्पर्धात्मक प्रक्रिया टाळून तात्पुरते वा रोजंदारीवर घेतलेल्या माणसास केवळ त्याने काही काळ काम केले एवढ्यावरून नियमित सेवेचा हक्क मिळत नाही. शासकीय खाती विद्यार्थ्याला ‘नोकर’ न म्हणता प्रशिक्षणार्थी म्हणतात आणि जवळजवळ प्रत्येक सूचनेत ‘या कालावधीमुळे पुढील नेमणुकीचा कोणताही हक्क निर्माण होणार नाही’ अशा आशयाचे वाक्य घालतात, त्याचे इंगित येथे आहे. ते वाक्य विद्यार्थ्याला हिणवण्यासाठी नसून मागच्या दाराने होणाऱ्या भरतीस घातलेला तो अडसर आहे. जुन्या उमेदवारीत ज्याला कचेरीत बसावयास मिळाले त्याला कालांतराने जागाही मिळे. आणि कचेरीत बसावयास कोणाला मिळे, हे जात, नाते आणि ओळख यांवर ठरे. तो मार्ग बंद झाला हे योग्यच झाले.

इतर काही देशांनी हा प्रश्न वेगळ्या रीतीने सोडविला आहे. कॅनडाच्या संघशासनात विद्यार्थ्यांसाठी जो कार्यानुभव-कार्यक्रम आहे, त्यात विद्यार्थी एकदाच अर्ज करून आपले नाव एका सामाईक सूचीत नोंदवितो. ज्या खात्याला माणूस हवा ते आपल्या गरजा कळविते. आणि त्या गरजांत बसणाऱ्या नावांतून यदृच्छेने, म्हणजे जवळजवळ सोडत काढावी तशी, काही नावे त्या खात्याकडे पाठविली जातात. वेतनाचे दर ट्रेझरी बोर्डाने शिक्षणाच्या पायरीप्रमाणे ठरविलेले असतात, आणि शिक्षण पूर्ण झाल्यावर पात्र विद्यार्थ्याला थेट सेवेत सामावून घेण्याचीही तरतूद आहे. अमेरिकेत २०१२ पासून अमलात आलेल्या ‘पाथवेज’ योजनेत ठरावीक तास काम केलेल्या विद्यार्थ्याचे नियमित सेवेत रूपांतर होऊ शकते. ही अट पूर्वी ६४० तासांची होती, ती २०२४ च्या नियमांनी ४८० तासांवर आली. तेथे ही खरोखरीची उन्हाळी नोकरी आहे : पगार, तास आणि हक्क यांसह. आपल्याकडे ती शिक्षणाचा एक भाग आहे. ओळखीला मुळीच वाव न ठेवणारी सोडतीची कल्पना मात्र आपल्या विभागांनी विचारात घेण्याजोगी आहे.

दुसरा गोंधळ योजनांच्या नावांमुळे होतो. वृत्तपत्रांत ज्या योजना गाजतात त्यांपैकी कित्येक चालू विद्यार्थ्यांसाठी नाहीतच. ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झालेली पंतप्रधान इंटर्नशिप योजना मोठ्या खासगी व सार्वजनिक कंपन्यांतील कामासाठी आहे, आणि पूर्णवेळ शिक्षण घेणाऱ्यास तीत प्रवेश नव्हता. राज्याची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना जुलै २०२४ मध्ये जाहीर झाली. तीत पदवीधर व पदव्युत्तर उमेदवारास दरमहा १०,००० रुपये विद्यावेतन ठरले, परंतु ज्याचे शिक्षण चालू आहे तो अपात्र. मुख्यमंत्री फेलोशिप कार्यक्रम २०१५ मध्ये सुरू झाला, २०२० मध्ये थांबला व २०२३ मध्ये पुन्हा सुरू झाला. तो वर्षभराचा पूर्णवेळ उपक्रम असून त्याला पदवीनंतरचा कार्यानुभव लागतो. नगरपालिका व स्मार्ट शहरे यांच्यासाठी २०२० मध्ये निघालेली ‘ट्युलिप’ योजना नुकत्याच पदवीधर झालेल्यांसाठी योजलेली होती. या सर्व योजना आपापल्या जागी उपयुक्त असतील. परंतु दोन सत्रांच्या मधल्या सुट्टीत काम शोधणाऱ्याने त्यांत वेळ दवडू नये. सूचना हाती आल्यावर मानधनाचा आकडा पाहण्याआधी ‘सध्या शिक्षण घेत असलेला’ या शब्दांचा शोध घ्यावा.

आता जे दरवाजे खरोखर उघडे असतात त्यांकडे वळू. मुंबईत मध्यवर्ती कार्यालय असलेली भारतीय रिझर्व्ह बँक काटेकोर अर्थाने शासनाचे खाते नव्हे; १९३४ च्या अधिनियमाने निर्माण झालेली व १९४९ पासून राष्ट्रीयीकृत असलेली ती स्वतंत्र संस्था आहे. तथापि आर्थिक धोरणाचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्यास तिच्याइतके समृद्ध कार्यस्थळ दुसरे नाही. अर्थशास्त्र, वाणिज्य, संख्याशास्त्र, बँकिंग, वित्त, व्यवस्थापन आणि विधी या विषयांच्या पूर्णवेळ विद्यार्थ्यांतून अधिकात अधिक १२५ जणांची निवड ही बँक उन्हाळी कामासाठी करीत आली आहे. मानधन दरमहा २०,००० रुपये, कालावधी जास्तीत जास्त तीन महिने, आणि काम एप्रिल ते जुलै या अवधीत. अभ्यासक्रमाच्या शेवटून दुसऱ्या वर्षातील विद्यार्थी यास पात्र धरले जातात. दोन वर्षांच्या एम. ए. च्या बाबतीत हे पहिले वर्ष होय.

येथेच पुष्कळांची संधी हुकते. २०२५ च्या उन्हाळ्यासाठीचे अर्ज १५ ऑक्टोबर ते १५ डिसेंबर २०२४ या काळात मागविले गेले होते. म्हणजे जुलै-ऑगस्टमध्ये एम. ए. ला प्रवेश घेतलेल्या मुलाने, वर्गातील बाकाची ओळख पटते न पटते तोच, पुढील मे महिन्याचा अर्ज करावयास हवा. त्या वेळी त्याच्या हाती पहिल्या सत्राचाही निकाल नसतो. पदवीचे गुण, एखादा लिहिलेला निबंध आणि विषयाची आवड एवढीच पुंजी. शिवाय मुलाखती जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमारास होतात, तेव्हा पहिल्या सत्रातच बँकेचे मासिक पत्रक आणि पतधोरणाची निवेदने वाचावयास घेणे श्रेयस्कर. जो विद्यार्थी फेब्रुवारीत ‘उन्हाळ्यात काय करावे?’ असा प्रश्न घेऊन प्राध्यापकांकडे येतो, त्याच्यासाठी हे दार दोन महिन्यांपूर्वीच लागलेले असते.

नीती आयोगाची रीत निराळी आहे. तेथे वार्षिक मुदत नाही. दर महिन्याच्या १ ते १० तारखेपर्यंत नोंदणी चालते, आणि काम सुरू करावयाच्या दिवसापूर्वी दोन ते सहा महिने अर्ज यावा अशी अपेक्षा असते. मे महिन्यात रुजू होऊ इच्छिणाऱ्याने फेब्रुवारीचे पहिले दहा दिवस ही शेवटची सोयीस्कर वेळ समजावी. डिसेंबर अधिक चांगला. कालावधी किमान सहा आठवडे व कमाल सहा महिने. पदव्युत्तर विद्यार्थ्यास पदवी परीक्षेत ७० टक्के गुण असावे लागतात. आणि कलाशाखेत साठ टक्क्यांनाही एके काळी मान असलेल्या आपल्या विद्यापीठीय परंपरेत ही अट किती जणांना बाहेर ठेवते, हे अध्यापकांना सांगावयास नको. बसावयास जागा व इंटरनेट आयोग पुरवितो. लॅपटॉप विद्यार्थ्याने स्वतःचा आणावयाचा. मानधन नाही.

मानधन नाही, या दोन शब्दांपाशी थोडे थांबणे आवश्यक आहे. ‘आंतरवासिता’ हा शब्द वैद्यकीय शिक्षणातून रूढ झाला. त्याला जवळचा संस्कृत शब्द ‘अंतेवासी’, म्हणजे गुरूच्या घरी राहून शिकणारा शिष्य. त्या शिष्याची राहण्याजेवण्याची चिंता गुरुगृहाने वाहिलेली असे. दिल्लीत सहा आठवडे राहणाऱ्या आधुनिक अंतेवासीचा वास मात्र त्याच्या स्वतःच्या खर्चाने कोठेतरी बाहेर होतो. खोलीचे भाडे, खानावळ, मेट्रो, येण्याजाण्याचे रेल्वेभाडे आणि नसल्यास लॅपटॉप. ज्याचे काका-मामा दिल्लीत आहेत त्याला ही संधी फुकट मिळते. ज्याचे घर सिरोंच्यास वा अक्कलकुव्यास आहे आणि जो उन्हाळ्यात घरच्या शेतीवर किंवा मजुरीवर हातभार लावतो, त्याला ती दुहेरी महाग पडते, कारण मिळणारी कमाईही बुडते. गुणांची अट उभयतांना सारखी असली, तरी ती ओलांडल्यानंतरचा रस्ता सारखा नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी कमाई आणि शिक्षण यांची जी सांगड महाराष्ट्रात घातली, व जिचे अनुकरण विद्यापीठांच्या ‘कमवा व शिका’ योजनांत आजही दिसते, तिच्या भूमीत तरी श्रेयांकासाठी सक्तीचे केलेले काम पदरमोडीने करावे लागावे, हा विरोधाभास नजरेआड करण्याजोगा नाही.

केंद्रीय मंत्रालयांपैकी काहींनी या अडचणीची दखल घेतली आहे. परराष्ट्र व्यवहार मंत्रालयाने २०२२ मध्ये आपल्या धोरणात बदल करून दरमहा १०,००० रुपये मानधन आणि विद्यार्थ्याच्या राज्यातून दिल्लीस येण्याजाण्याचे एक वेळचे विमानभाडे देण्याचे ठरविले. जानेवारी ते जून व जुलै ते डिसेंबर अशी दोन सत्रे ठेवली. आणि निवडीत गुणांबरोबर राज्यांनाही वाटा दिला, जेणेकरून सर्व जागा महानगरांतील दोन-चार महाविद्यालयांनी व्यापू नयेत. महिला व बाल विकास मंत्रालयाने विद्यार्थिनींसाठी दोन महिन्यांचा जो उपक्रम चालविला, त्यात मोठ्या महानगरांबाहेरील व ग्रामीण भागातील मुलींना मानधन, प्रवासखर्च आणि दिल्लीत वसतिगृह अशा तिन्ही गोष्टी देऊ केल्या. खेड्यातील मुलीच्या पालकांचा पहिला प्रश्न ‘राहणार कोठे?’ हाच असतो. त्याचे उत्तर सूचनेतच लिहिलेले असणे ही बाब मानधनाच्या रकमेपेक्षाही मोलाची आहे. अशा योजनांचे आकडे व अटी दर वर्षी बदलतात, म्हणून अर्जाच्या वर्षाची सूचना मंत्रालयाच्या अधिकृत संकेतस्थळावर स्वतः वाचावी. कोणाच्या सांगण्यावर विसंबू नये. रिझर्व्ह बँक, नीती आयोग व ही दोन मंत्रालये यांपैकी एकाही ठिकाणी अर्जासाठी शुल्क नाही. ‘शासकीय इंटर्नशिप’ म्हणून पैसे मागणारा कोणीही असो, तेथेच थांबावे.

परंतु दिल्ली-मुंबईच्या या सर्व जागा एकत्र केल्या तरी महाराष्ट्रातील पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या संख्येपुढे त्या मूठभरच राहतील. बहुसंख्यांची सोय व्हावयाची असेल तर ती जिल्ह्याच्या ठिकाणीच. दुर्दैवाने येथे कोणतीही जाहिरात निघत नाही, म्हणून ही कार्यालये उपलब्ध नाहीत असा समज झाला आहे. वस्तुतः जिल्हा सांख्यिकी कार्यालय, जिल्हाधिकारी कार्यालयातील नियोजन शाखा, जिल्हा परिषदेचे शिक्षण, आरोग्य व ग्रामपंचायत विभाग, नगरपरिषदा, पुणे व मुंबई येथील पुराभिलेखागारे, दर्शनिका विभाग यांच्याकडे एवढे काम पडून असते की अक्षर सुवाच्य आणि हिशेब चोख असलेला विद्यार्थी त्यांना भारभूत होण्याचे कारण नाही. प्रश्न त्यांना योग्य तऱ्हेने विचारण्याचा आहे.

पहिली गोष्ट कालाची. शासनाचे आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते. फेब्रुवारीच्या उत्तरार्धापासून निधी खर्ची टाकण्याची जी घाई सुरू होते तीत कोणत्याही अधिकाऱ्याला विद्यार्थ्याचे पत्र वाचावयास उसंत नसते. मार्चमध्ये दिलेला अर्ज नाकारला जात नाही. तो राहून जातो. दुसरे असे की, महाराष्ट्रातील बदल्यांविषयीच्या २००५ च्या अधिनियमाप्रमाणे शासकीय कर्मचाऱ्यांच्या सर्वसाधारण बदल्या वर्षातून एकदा, एप्रिल किंवा मे महिन्यात होतात. ज्या अधिकाऱ्याने जानेवारीत तोंडी होकार दिला तो मे महिन्यात दुसऱ्या जिल्ह्यात असू शकतो, आणि त्याच्या जागी आलेल्याला या होकाराची गंधवार्ताही नसते. म्हणून पत्र व्यक्तीच्या नावे न लिहिता पदाच्या नावे लिहावे, आवक क्रमांक घ्यावा आणि परवानगी कागदावर घ्यावी. तोंडी होकार माणसाबरोबर जातो. कागद नस्तीत राहतो. (त्याच अधिनियमात कोणतीही नस्ती एका कर्मचाऱ्याकडे सामान्यतः सात कामकाजाच्या दिवसांहून अधिक काळ प्रलंबित राहू नये असेही म्हटले आहे, मात्र आपल्या पहिल्याच पत्रात या कलमाची आठवण करून देणाऱ्याला प्रशिक्षणाची संधी मिळण्याचा संभव कमी.) सारांश, नोव्हेंबर ते जानेवारी हा अर्जाचा काळ होय.

दुसरी गोष्ट तयारीची. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ याच्या कलम ४ अन्वये प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने आपली रचना, अधिकाऱ्यांची कर्तव्ये, निर्णयाची कार्यपद्धती, आपल्या ताब्यातील दस्तऐवजांचे प्रकार अशा सतरा बाबी आपण होऊन प्रसिद्ध करावयाच्या आहेत. विद्यार्थी सहसा या अधिनियमाकडे तक्रारीचे हत्यार म्हणून पाहतात. अर्ज लिहिण्यापूर्वी त्या कार्यालयाची ही स्वयंप्रकटने वाचली, तर कोणत्या शाखेत कोणते काम होते, कोणत्या नोंदवह्या असतात आणि परवानगी देण्याचा अधिकार कोणत्या पदाला आहे, हे घरबसल्या कळते. पदनामे अचूक लिहावीत. ‘उपजिल्हाधिकारी’ आणि ‘निवासी उपजिल्हाधिकारी’ यांत फरक आहे, आणि भाषा संचालनालयाचा पदनामकोश त्यासाठी हाताशी असावा. राज्याच्या कारभाराची भाषा १९६४ च्या राजभाषा अधिनियमाने मराठी ठरविलेली आहे. दिल्लीच्या अर्जात इंग्रजीमुळे मागे पडणाऱ्या विद्यार्थ्याला येथे आपल्या भाषेचा पुरता लाभ होतो, हे विसरून तो पुष्कळदा मोडक्या इंग्रजीत जिल्हाधिकाऱ्यांना पत्र लिहितो!

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट पत्रातील मजकुराची. प्रचलित अर्जांचा नमुना साधारणतः असा असतो : ‘मला प्रशासनाविषयी अत्यंत आवड असून आपल्या कार्यालयात काम करून समाजसेवा करण्याची माझी इच्छा आहे, तरी संधी द्यावी.’ या वाक्यातील प्रत्येक शब्द खरा असला तरी वाचणाऱ्या अधिकाऱ्याला त्यावरून काहीच ठरविता येत नाही. या मुलाला बसवावे कोठे, द्यावे काय, त्याच्याकडे पाहावे कोणी? पत्राने हे तीन प्रश्न आपण होऊन सोडविले पाहिजेत. उदाहरणार्थ, अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने जिल्हा सांख्यिकी कार्यालयास लिहावे की, कार्यालय प्रसिद्ध करीत असलेल्या ‘जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचना’च्या गेल्या दहा वर्षांच्या अंकांतील तालुकानिहाय सिंचनाचे तक्ते एकत्र लावून, कोणत्या वर्षी कोणत्या रकान्याची व्याख्या बदलली याची टिपणी तयार करण्याचा विचार आहे, त्यासाठी मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यापासून वीस कामाचे दिवस, दररोज सहा तास, कार्यालयात बसण्याची परवानगी मिळावी, तयार झालेल्या टिपणीची एक प्रत कार्यालयास दिली जाईल. असे पत्र वाचून अधिकारी ‘हे नको, त्यापेक्षा ते करा’ असे म्हणू शकतो. आणि त्याने तसे म्हटले की काम मिळाले असे समजावे. मोठ्या संस्थांच्या छापील अर्जांत ‘आपला उद्देश’ म्हणून जी दोन-तीनशे शब्दांची जागा असते, तीतही हेच तत्त्व लागू पडते. आवड सांगावयाची नसते, ती कामाच्या निवडीतून दिसावयाची असते.

पत्रासोबत विभागप्रमुखांचे शिफारसपत्र किंवा ना-हरकत पत्र बहुतेक ठिकाणी लागते. हे पत्र विद्यार्थी शेवटच्या दिवशी मागतो आणि विभाग ठरीव साच्यात देतो, असा उभयपक्षी हलगर्जीपणा रूढ आहे. वास्तविक विभागाची जबाबदारी सहीपुरती नाही. विभागाने ऑक्टोबरातच कार्यालयांशी पत्रव्यवहार करून जागांची यादी करावी, ती फलकावर लावावी, आणि मागणी अधिक झाल्यास कॅनडाच्या सूचीप्रमाणे चिठ्ठ्या टाकाव्यात, हे अशक्य कोटीतील नाही. ज्या विद्यार्थ्याच्या घरी कोणी नोकरीत नाही त्याला कार्यालयाचे दार विभागानेच उघडून दिले नाही, तर ते त्याच्यासाठी उघडणार कोण? अन्यथा ज्याचे वडील तहसील कार्यालयात आहेत तो तहसील कार्यालयात जाईल आणि उरलेले झेरॉक्सच्या दुकानात हजेरीपत्रकाचा मसुदा शोधत फिरतील. जुन्या उमेदवारीचा तो दोष नव्या व्यवस्थेत श्रेयांकांचे बळ घेऊन परत येईल. स्वच्छ भारत उन्हाळी इंटर्नशिपच्या वेळी, २०१८ मध्ये, खेड्यात १०० तास काम करणाऱ्या विद्यार्थ्याला दोन श्रेयांक देऊ करण्यात आले होते. तेव्हाही ज्या महाविद्यालयांनी गावे आधी ठरवून दिली तेथील विद्यार्थ्यांना काम सापडले, आणि ‘आपापले गाव शोधा’ म्हणून सोडून दिलेल्यांना मुख्यतः छायाचित्रे सापडली, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

काम सुरू झाल्यावरच्या दोन बाबी पुष्कळदा उशिरा लक्षात येतात. रिझर्व्ह बँकेसारख्या संस्था रुजू होतानाच गोपनीयतेचे प्रतिज्ञापत्र घेतात, आणि अन्य शासकीय कार्यालयांतही १९२३ चा शासकीय गुपिते अधिनियम विद्यार्थ्याला वगळत नाही. नस्तीचे छायाचित्र मित्राला पाठविणे हा खेळ नव्हे. दुसरी बाब संशोधनाशी संबंधित आहे. प्रशिक्षणकाळात हाताळलेली अप्रकाशित आकडेवारी तिसऱ्या सत्राच्या प्रकल्पात वा प्रबंधिकेत वापरता येईल असे विद्यार्थी गृहीत धरतो. तसे ते नसते. परवानगी कामाच्या अखेरीस नव्हे, तर पहिल्या आठवड्यात, लेखी व विषयाच्या नावानिशी मागावी. मिळाल्यास ते पत्र प्रबंधिकेस जोडावे. न मिळाल्यास कोणते प्रकाशित साधन त्याच्या जागी चालेल हे त्या कार्यालयातील जुन्या सांख्यिकी सहायकाला विचारावे. त्याच्याइतके ते कोणालाच ठाऊक नसते, आणि सहसा त्याला ते कोणी विचारीत नाही. अखेरच्या दिवशी अहवालाच्या तीन प्रती कराव्यात : एक कार्यालयास, एक श्रेयांकासाठी विभागास, आणि तिसरी विभागाच्या ग्रंथालयात, पुढच्या ऑक्टोबरात अर्ज लिहावयास बसणाऱ्या विद्यार्थ्यासाठी.